नवशिक्यांसाठी छोटा की-साइनिंग मेळावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठ-दहा जणांनी एका दुपारी जमायचं, एकमेकांची ओळख आणि पीजीपी की तपासायची आणि घरी जाऊन त्या कीवर सही करायची, एवढाच हा कार्यक्रम. पीजीपी म्हणजे ईमेल आणि फाइली कुलूपबंद करायची आणि त्यांवर डिजिटल सही करायची पद्धत, आणि की म्हणजे त्या कुलपाची डिजिटल किल्ली. कॉलेजातला लिनक्सवाल्यांचा गट, एखाद्या वाचनालयात जमणारी मंडळी, दोन-चार पत्रकार आणि त्यांचे मित्र, कुणालाही तो करता येतो. पहिल्यांदा भरवणाऱ्यांना आणि पहिल्यांदा येणाऱ्यांना जे प्रश्न हमखास पडतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. बहुतेकांनी याआधी की बनवलेलीच नाही, असं धरून लिहिलं आहे.

की-साइनिंग म्हणजे नेमकं काय?

पीजीपीमध्ये प्रत्येकाच्या दोन की असतात. पब्लिक की सगळ्यांना वाटायची आणि प्रायव्हेट की स्वतःजवळ ठेवायची. तुमच्या पब्लिक कीने कुणीही तुम्हाला मजकूर कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट, करून पाठवू शकतो, तो उघडते फक्त तुमची प्रायव्हेट की. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये पीजीपी आणलं. आज बहुतेक जण वापरतात ते जीएनयूपीजी म्हणजेच जीपीजी, व्हर्नर कॉख यांनी सुरू केलेलं मुक्त सॉफ्टवेअर.

अडचण अशी की पब्लिक कीवरचं नाव आणि ईमेल की बनवणारा स्वतःच टाइप करतो. तिथे पंतप्रधानांचं नाव टाकलं तरी सॉफ्टवेअर हरकत घेत नाही. २०१६ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या नावाची बनावट की की-सर्व्हरवर, म्हणजे पब्लिक की साठवून सगळ्यांना देणाऱ्या सर्व्हरवर, सापडली. तिचा आठ अक्षरांचा छोटा आयडीही खऱ्या कीसारखाच जुळवलेला होता. तेव्हा 'ही की त्याच माणसाची कशावरून?' हा प्रश्न शेवटी माणसांनीच सोडवावा लागतो. मी तुम्हाला भेटले, तुमची ओळख पाहिली, तुमच्या हातून कीचा फिंगरप्रिंट (कीची ओळख पटवणारी अक्षरांची ओळ) घेतला आणि मग तुमच्या कीवर माझ्या कीने सही केली, की माझ्या ओळखीच्या तिसऱ्या माणसाला तुमच्या कीबद्दल काहीतरी आधार मिळतो.

त्या सहीचा अर्थ मी तुमच्यावर विश्वास ठेवते असा होतो का?

नाही. खरेदीखतावर साक्षीदार सही करतो तेव्हा व्यवहार फायद्याचा आहे असं तो म्हणत नाही. सही करणारी माणसं तीच आहेत, एवढंच सांगतो. इथेही तसंच. हे नाव, हा ईमेल आणि ही की एकाच माणसाच्या आहेत हे मी स्वतः तपासलं, यापलीकडे सही काही बोलत नाही. मेळाव्याच्या सुरुवातीला एवढं एकच वाक्य सगळ्यांना नीट समजावून सांगा. बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

व्हॉट्सअ‍ॅप आणि सिग्नल आधीच एन्क्रिप्टेड आहेत. मग हे कशाला?

रोजच्या गप्पांसाठी सिग्नलच वापरा. पीजीपीची जागा वेगळी आहे. डेबियन या लिनक्स प्रणालीचं पॅकेज तुमच्या संगणकावर उतरतं तेव्हा ते खरं आहे की नाही हे पीजीपी सहीवरून तपासलं जातं. गिट या कोड सांभाळणाऱ्या साधनातल्या रिलीजवर सह्या होतात. सॉफ्टवेअरमधली सुरक्षेची चूक कळवणारे लोक ती एन्क्रिप्ट करून पाठवतात, त्यासाठी सर्ट-इन ही भारताची सायबर सुरक्षा संस्था आपल्या संकेतस्थळावर पीजीपी की देते. २०११ मध्ये कर्नेल डॉट ऑर्गच्या, म्हणजे लिनक्सचा गाभा (कर्नेल) जिथून वाटला जातो त्या, सर्व्हरमध्ये घुसखोरी झाली. त्यानंतर लिनक्स कर्नेलच्या प्रमुख डेव्हलपरांनी प्राग इथल्या बैठकीत समोरासमोर की तपासून सह्यांचं जाळं नव्याने उभं केलं. डेबियनचे अधिकृत डेव्हलपर व्हायचं असेल तर तुमच्या कीवर आधीच्या डेव्हलपरांच्या सह्या लागतात. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये डेबियनची जागतिक परिषद कोचीला झाली. आपल्याकडच्या अनेकांना अशा सह्या घरच्या जवळ मिळवण्याची संधी त्यामुळे आली.

पत्रकारितेतलं उदाहरण तर फारच बोलकं आहे. २०१३ च्या सुरुवातीला अमेरिकी सरकारची गुप्त पाळत उघड करणारे एडवर्ड स्नोडेन यांना माहितीपट बनवणाऱ्या लॉरा पॉइट्रस यांच्याशी संपर्क करायचा होता. हातात आलेली की खरोखर त्यांचीच आहे का, ही खात्री हवी होती. ती कशी केली? पॉइट्रस यांच्या ओळखीचे तंत्रज्ञ मायका ली यांनी त्यांच्या कीचा फिंगरप्रिंट आपल्या ट्विटर खात्यावरून जाहीर केला. सगळं गणित, सगळी सॉफ्टवेअरं बाजूला, आणि खात्री आली ती ओळखीच्या माणसाने दुसऱ्या वाटेने सांगितल्यामुळे.

आणि हो, सिग्नल आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्येही हीच तपासणी असते. प्रत्येक संभाषणाचा साठ अंकी सुरक्षा क्रमांक असतो, तो दोघांच्या फोनवर जुळतो का पाहायचा. मेळाव्याच्या आरंभी दहा मिनिटं हेच करून घ्या. फोन सगळ्यांकडे असतो आणि 'तुझ्या फोनवर काय दिसतंय, माझ्या फोनवर काय दिसतंय' ही कल्पना लगेच अंगवळणी पडते. त्यानंतर पीजीपी समजावणं खूप सोपं जातं.

माझ्याकडे सीएने काढून दिलेली डिजिटल सही आहे. ती हीच का?

ती वेगळी. आयकर विवरणपत्र किंवा कंपनीची कागदपत्रं भरताना जो यूएसबी टोकन लावतो, त्यातलं प्रमाणपत्र माहिती तंत्रज्ञान कायदा २००० खाली परवाना मिळालेल्या संस्थेने दिलेलं असतं आणि त्या सहीला कायद्याची मान्यता आहे. पीजीपी सहीला तशी मान्यता नाही. तिथे वरून एक संस्था ओळख देते, इथे माणसंच एकमेकांची ओळख देतात.

किती जणांना बोलवावं?

सहा ते दहा. पहिल्या वेळी याहून जास्त नकोत.

हिशेब साधा आहे. दहा जण असले तर ४५ जोड्या होतात. दोन रांगा समोरासमोर उभ्या केल्या तर एका वेळी पाच जोड्या बोलतात आणि नऊ फेऱ्यांत सगळ्यांची सगळ्यांशी गाठ पडते. फेरीला तीन मिनिटं दिली की सत्तावीस मिनिटांत काम झालं. तीस जण असतील तर ४३५ जोड्या, एकोणतीस फेऱ्या, दीड तास उभं राहणं. आणि दमलेला माणूस ओळखपत्राकडे नुसती नजर टाकतो. ब्रसेल्सच्या फॉसडेमसारख्या मुक्त सॉफ्टवेअरच्या संमेलनांत की-साइनिंगची लांबच लांब रांग लागते. ते सरावलेल्या लोकांचं काम आहे. नवशिक्यांना पहिल्यांदा शिकायचं असतं ते नीट बघणं, आणि त्याला वेळ लागतो.

विषम संख्या असेल तर प्रत्येक फेरीला एक जण बसेल. बिघडत नाही.

जागा कुठे घ्यावी?

वाचनालयाची छोटी खोली, कॉलेजचा वर्ग, कुणाच्या घरचा हॉल. उजेड भरपूर हवा, कारण ओळखपत्रावरची बारीक अक्षरं वाचायची आहेत. आवाज कमी हवा. हॉटेलात भरवायचं मात्र टाळा. टेबलावर चहा, शेजारी अनोळखी लोक आणि हातात ओळखपत्रं, हे जमत नाही. इंटरनेट लागत नाही, प्रोजेक्टर असला तर चांगलं, नसला तरी चालतं.

लॅपटॉप आणायचा का?

आणू नका. हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला आहे आणि लोकांना सगळ्यात जास्त तोच खटकतो.

मेळाव्यात संगणकाचं काहीही काम नसतं. लॅपटॉप उघडले की कुणाचं सॉफ्टवेअर चालत नाही, कुणाला वायफाय हवं असतं, जाणकार असतो तो तिघांच्या मागे फिरत राहतो आणि ज्यासाठी जमलो ती तपासणी शेवटच्या दहा मिनिटांत उरकली जाते. त्यात पेनड्राइव्ह या हातातून त्या हातात जातात, 'जरा तुझ्या मशीनवरून माझी की काढून दे' असं कुणीतरी म्हणतं आणि प्रायव्हेट की भलत्याच ठिकाणी जाऊन पडते. सही करायची ती घरी, स्वतःच्या संगणकावर, शांतपणे. खोलीत फक्त कागद, पेन, ओळखपत्र आणि माणसं.

पण ज्यांच्याकडे कीच नाही त्यांचं काय?

त्यांच्यासाठी आठ-दहा दिवस आधी वेगळी बैठक घ्या. त्या दिवशी लॅपटॉप जरूर आणायचे. विंडोजवर जीपीजी-फोर-विन घाला, त्याच्यासोबत क्लिओपात्रा नावाचं प्रोग्रॅम येतं आणि बहुतेक कामं तिथे माउसने होतात. मॅकसाठी जीपीजी सूट आहे, लिनक्सवर जीपीजी बहुधा आधीच असतं. ज्यांच्याकडे फक्त अँड्रॉइड फोन आहे त्यांना ओपनकीचेन चालेल.

की बनवताना सॉफ्टवेअर सुचवेल तोच प्रकार घ्या, मुदत दोन वर्षांची ठेवा आणि एका कीवर एकच ईमेल ठेवा. एकच का, ते पुढे सह्या पाठवण्याच्या प्रश्नात येईल. पासफ्रेज (प्रायव्हेट कीचा पासवर्ड) लांब घ्या, चार-पाच शब्दांचा, आणि तो मोबाइलच्या नोट्समध्ये लिहू नका.

की तयार झाल्यावर दोन गोष्टी त्याच बैठकीत करून घ्यायच्या. एक, प्रायव्हेट कीची प्रत स्वतःच्या पेनड्राइव्हवर काढून घरी कपाटात ठेवायची. दोन, रिव्होकेशन सर्टिफिकेट कुठे साठलंय ते बघायचं. की हरवली किंवा चोरीला गेली तर ती रद्द झाल्याचं जगाला सांगणारी ही फाइल, आणि जीपीजीच्या अलीकडच्या आवृत्त्या ती आपोआप बनवून ठेवतात. तिचीही प्रत वेगळी ठेवा. झेरॉक्सच्या दुकानात मात्र ती छापू नका, कारण जिच्या हातात ती फाइल गेली ती व्यक्ती तुमची की रद्द करू शकते.

पब्लिक की बाहेर काढली की पाठवण्याआधी फाइल उघडून पहिली ओळ वाचायची सवय लावा. तिथे 'पब्लिक की ब्लॉक' असेल तर पुढे जा. 'प्रायव्हेट' हा शब्द दिसला तर तिथेच थांबा.

थंडरबर्डमध्ये बनवलेली की चालेल का?

की चालते. थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रॅममध्ये २०२० पासून, म्हणजे ७८ व्या आवृत्तीपासून, ओपनपीजीपी (पीजीपीचं खुलं मानक) आतच येतं. पण त्याचा कीचा साठा जीपीजीपेक्षा वेगळा असतो. समोरच्याची की प्रत्यक्ष भेटून तपासली, अशी नोंद तिथे करता येते. ती नोंद तुमच्यापुरती राहते, इतरांना दिसणारी सही तिने होत नाही. सह्या करायच्या असतील तर की जीपीजीमध्ये आणावी लागेल.

फिंगरप्रिंट म्हणजे बोटाचा ठसा द्यायचा का?

नाही, बोटाशी काही संबंध नाही. तुमच्या पब्लिक कीवरून गणिताने काढलेली ती ४० अक्षरांची ओळ असते. ० ते ९ हे अंक आणि ए ते एफ ही इंग्रजी अक्षरं, चार-चारचे दहा गट. की बदलली की ही ओळ बदलते. ओपनपीजीपीच्या २०२४ च्या नव्या मानकाप्रमाणे बनलेल्या कीचा फिंगरप्रिंट ६४ अक्षरांचा असतो. जीपीजी वापरणाऱ्यांना तूर्तास ४०च दिसेल, पण एखाद्याची चिठ्ठी लांब दिसली तर गोंधळू नका.

शेवटची आठ अक्षरं, म्हणजेच छोटा आयडी, जुळली म्हणून भागत नाही. वर सांगितलेली बनावट की याच पळवाटेतून आली होती. पूर्ण ४० अक्षरं, प्रत्येक वेळी.

चिठ्ठ्या वाटायच्या की छापील यादी करायची?

दहा जणांपर्यंत चिठ्ठ्या. प्रत्येकाने घरी एका कागदावर स्वतःचं नाव, ईमेल आणि पूर्ण फिंगरप्रिंट छापायचा, तोच मजकूर पानावर दहा-बारा वेळा, आणि कात्रीने पट्ट्या करायच्या. डेबियन-उबुंटूवर 'साइनिंग-पार्टी' नावाच्या पॅकेजमध्ये या चिठ्ठ्या तयार करून देणारं साधन आहे, पण वर्डमध्ये केलं तरी फरक पडत नाही. फिंगरप्रिंट सगळ्यांना द्यायचाच असतो, त्यामुळे तो दुकानात छापायला हरकत नाही. छापून आल्यावर मात्र प्रत्येकाने आपली चिठ्ठी आपल्या स्क्रीनवरच्या फिंगरप्रिंटशी ताडून पाहायची. हाताने लिहिणार असाल तर ८ आणि बी, ० आणि डी नीट वेगळे काढा.

पंधरा-वीसच्या पुढे गेलात तर यादीची पद्धत बरी, जी लेन सॅसमन आणि झिमरमन यांच्या नावाने ओळखली जाते. आयोजक आधी सगळ्यांच्या की गोळा करून एकच फाइल बनवतो आणि सगळ्यांना पाठवतो. प्रत्येक जण ती फाइल स्वतः छापून आणतो. मेळाव्यात त्या फाइलचा हॅश (फाइलवरून गणिताने काढलेली अक्षरांची ओळ) मोठ्याने वाचला जातो, म्हणजे सगळ्यांच्या हातात तीच यादी आहे हे कळतं. मग एकेक जण उभा राहून 'यादीतला माझा फिंगरप्रिंट बरोबर आहे' असं सांगतो, तेही स्वतः घरून आणलेल्या कागदाशी ताडून. त्यानंतर रांगा करून फक्त ओळखपत्रं पाहायची.

हॅश किंवा फिंगरप्रिंट वाचताना फार चुका होतात. काय करावं?

अंक मराठीत वाचा आणि अक्षरं इंग्रजीत. 'एट' आणि 'ए' कानाला जवळचे वाटतात, 'आठ' आणि 'ए' वाटत नाहीत. राहतात बी, सी, डी, ई, हे चौघंही शेवटी 'ई'वर येतात आणि मागच्या बाकावर सारखेच ऐकू येतात. त्यासाठी गावांची नावं घ्या: अमरावती, बारामती, चंद्रपूर, धुळे, एरंडोल, फैजपूर. इंग्रजी स्पेलिंगची पहिली अक्षरं बरोबर ए ते एफ. मग एक गट असा वाचला जातो: 'धुळे, चार, फैजपूर, सात.' चार अक्षरं झाली की थांबायचं, सगळ्यांनी टिक करायची, मग पुढचा गट. वाचणारा एक आणि त्याच्या शेजारी बसून कागदावर बोट ठेवणारा दुसरा असावा.

दोन माणसं समोरासमोर आली की प्रत्यक्षात काय करायचं?

आधी नमस्कार, नाव. मग एकमेकांच्या हातात चिठ्ठी द्यायची. चिठ्ठी ज्याची त्यानेच द्यायची. 'अहो, शिंदेकाकांची माझ्याकडे आहे, घ्या' असं म्हणून तिसऱ्याने दिलेली घेऊ नका, मग तो तिसरा कितीही ओळखीचा असो. त्यानंतर ओळखपत्र दाखवायचं. पाहणाऱ्याने आधी फोटो आणि चेहरा, मग ओळखपत्रावरचं नाव आणि चिठ्ठीवरचं नाव अक्षर न् अक्षर पाहायचं. पटलं की चिठ्ठीवर स्वतःच्या पेनाने दोन टिका करायच्या, 'ओळख पाहिली' आणि 'चिठ्ठी त्यांच्याच हातून'. आज काय तपासलं ते चार दिवसांनी घरी आठवत नाही, टिका आठवण देतात. शेवटी तारीख.

पटलं नाही तर टिक करायची नाही. त्यावर वाद घालायचा नाही.

कुठलं ओळखपत्र चांगलं? आधार दाखवायची भीती वाटते.

भीती रास्त आहे. पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार कार्ड, पॅन, आधार, फोटो आणि नाव असलेलं सरकारी काहीही चालेल. मला स्वतःला पॅन कार्ड सोयीचं वाटतं, कारण त्यावर पत्ता नसतो. अनोळखी माणसांसमोर, विशेषतः मुलींनी आणि बायकांनी, घरचा पत्ता उघड करायची काही गरज नाही. क्रमांकावर अंगठा ठेवा. पाहणाऱ्याला फोटो आणि नाव हवंय, क्रमांक नकोच आहे. आधारच असेल तर मास्क्ड आधार काढून आणा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, आणि पत्त्याची बाजू मिटलेली ठेवा. फोनवर दाखवलेला फोटो किंवा स्क्रीनशॉट स्वीकारू नका, तो कुणालाही बनवता येतो.

आयोजकांसाठी नियम कडक असावा: कुणाच्याही ओळखपत्राचा फोटो काढायचा नाही, झेरॉक्स घ्यायची नाही, क्रमांक कुठेही लिहून घ्यायचा नाही. सुरक्षा क्रमांक ताडून झाले की फोन खिशात ठेवायला सांगा.

ओळखपत्र पाहण्यालाही मर्यादा आहेत, तेही सांगायला हवं. २००६ मध्ये मेक्सिकोतल्या डेबियन परिषदेत एका डेव्हलपरने की-साइनिंगच्या वेळी कुठल्याही देशाचं नसलेलं, विकत मिळणारं ओळखपत्र मुद्दाम दाखवलं आणि अनेकांनी ते चालवून घेतलं. त्यावर पुढे बराच वाद झाला. आपल्यापैकी कुणी पासपोर्ट अधिकारी नाही. म्हणून जी ओळखपत्रं रोज पाहण्यात आहेत तीच स्वीकारा.

ओळखपत्रावर वेगळं नाव आणि कीवर वेगळं, असं झालं तर?

आपल्याकडे हे नेहमीचं आहे. लग्नानंतर आडनाव बदललेलं असतं पण ईमेल माहेरच्या नावाचा असतो. कार्डावर वडिलांचं नाव मधे असतं, कीवर नसतं. एका कागदावर स्पेलिंगला एक 'ए', दुसऱ्यावर दोन.

मधलं नाव गाळलेलं असणं मी अडचण मानत नाही. स्पेलिंगमधला एखाद्या अक्षराचा फरकही समोरच्याने समजावला तर चालतो. आडनावच वेगळं असेल तर दोन्ही नावं दाखवणारं काहीतरी सोबत आणायला आधीच सांगा, विवाह नोंदणीचा दाखला किंवा जुनं ओळखपत्र. मात्र एखाद्या बाईला सगळ्यांसमोर 'हे नाव असं का' म्हणून प्रश्नोत्तरं करायची नाहीत. की बनवण्याच्या बैठकीतच आयोजकाने प्रत्येकाला शांतपणे सांगावं की कीवरचं नाव ओळखपत्राशी जुळतं ठेवा.

कीवर नाव देवनागरीत ठेवता येतं. महाराष्ट्रात काढलेल्या आधारवर नाव मराठीतही असतं, त्यामुळे तपासताही येतं. विंडोजच्या काळ्या खिडकीत कधी कधी चौकोन दिसतात, क्लिओपात्रात नीट दिसतं.

टोपणनावाने वावरणाऱ्यांची, किंवा कागदावरचं नाव आता आपलं न मानणाऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांना परत पाठवू नका. कीवर फक्त ईमेल ठेवता येतो, नाव ठेवलंच पाहिजे असं नाही. ज्यांना तेवढ्यावर सही करायची आहे ते करतील.

आम्ही दहा वर्षांचे मित्र आहोत. तरी ओळखपत्र?

नको. दहा वर्षांची ओळख कुठल्याही कार्डापेक्षा पक्की. पण चिठ्ठी मात्र त्याच्या हातूनच घ्या. माणूस ओळखीचा आहे म्हणून त्याच्या नावाने आलेली प्रत्येक की त्याचीच ठरत नाही.

घरी गेल्यावर काय करायचं?

आठवड्याच्या आत बसा, नाहीतर चिठ्ठ्या खिशातच राहतात. समोरच्याने ईमेलने पाठवलेली किंवा सर्व्हरवर ठेवलेली पब्लिक की उतरवा आणि तिचा फिंगरप्रिंट चिठ्ठीवरच्या ४० अक्षरांशी ताडा. टिका दोन्ही असतील आणि अक्षरं जुळली तरच सही. क्लिओपात्रात कीवर उजवं बटण दाबलं की 'सर्टिफाय'चा पर्याय येतो. 'फक्त माझ्यासाठी' आणि 'सगळ्यांसाठी' यांतला दुसरा निवडा. 'लगेच सर्व्हरवर पाठवा' असा पर्याय दिसला तर तिथे टिक करू नका.

मग सही केलेली की फाइल म्हणून बाहेर काढा, ती फाइल त्याच माणसाच्या कीने एन्क्रिप्ट करा आणि कीवर लिहिलेल्या ईमेलवर पाठवा. हा शेवटचा फेरा निरर्थक वाटतो, पण तपासणीचा उरलेला भाग तोच आहे. मेळाव्यात तुम्ही माणूस पाहिला, ईमेल कुठे पाहिला? तो ईमेल खरंच त्याचा असेल आणि प्रायव्हेट की खरंच त्याच्याकडे असेल, तरच त्याला तुमची सही उघडता येईल. कीवर तीन ईमेल असतील तर प्रत्येकासाठी वेगळी सही वेगळी पाठवावी लागते, म्हणून नवशिक्यांना एकच ठेवायला सांगितलं. लिनक्सवर 'कॅफ' हे साधन सगळं एका दमात करतं, फक्त संगणकावरून मेल जाण्याची व्यवस्था आधी लावावी लागते.

तुम्हाला आलेल्या सह्या उघडून आपल्या कीमध्ये इम्पोर्ट करा. त्या पुढे कुठे द्यायच्या, हे तुम्ही ठरवायचं.

सर्व्हरवर टाकल्या तरी सह्या दिसत नाहीत. का?

२०१९ च्या जूनमध्ये जुन्या की-सर्व्हरांवर काही नामवंत लोकांच्या कीवर कुणीतरी हजारो खोट्या सह्या चिकटवल्या, इतक्या की ती की उतरवली तर जीपीजी अडकून बसायचं. त्यानंतर जीपीजीने सर्व्हरवरून येणाऱ्या इतरांच्या सह्या आपणहून गाळायला सुरुवात केली. त्याच महिन्यात सुरू झालेला कीज डॉट ओपनपीजीपी डॉट ऑर्ग हा सर्व्हर ईमेल पडताळतो, पण इतरांच्या सह्या सहसा पुढे देत नाही. म्हणून सह्यांसकट असलेली की स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवा किंवा थेट फाइल द्या. फाइलमधून घेतल्या तर सह्या गाळल्या जात नाहीत.

सही आणि 'ट्रस्ट' यांत फरक काय?

सही सगळ्यांना दिसते. ट्रस्ट ही तुमच्या संगणकातली खाजगी नोंद असते: हा माणूस दुसऱ्यांच्या की किती काळजीपूर्वक तपासतो, याबद्दलचं तुमचं मत. जीपीजी मुळात असं मानतं की पूर्ण भरवशाच्या एकाची सही किंवा अर्धवट भरवशाच्या तिघांच्या सह्या असल्या की अनोळखी की ग्राह्य. मेळाव्यात ज्याने ओळखपत्र न पाहताच टिक केली, त्याला पूर्ण भरवसा देऊ नका. त्याला तसं सांगायची गरज नाही.

माझं नाव कुणाकुणाच्या कीवर आहे हे जगाला कळेल का?

सह्या जाहीर झाल्या तर कळेल, तारखेसकट. कोण कुणाला कधी भेटलं याचा तो नकाशाच असतो. पत्रकार, कार्यकर्ते, कौटुंबिक हिंसेतून बाहेर पडलेल्या स्त्रिया यांनी याचा आधी विचार करावा. अशांसाठी 'फक्त माझ्यासाठी' हा पर्याय आहे. तपासणीचा उपयोग तुम्हाला होतो, सही बाहेर जात नाही. कुणी असं करायचं ठरवलं तर कारण विचारू नका आणि मेळाव्याचे फोटो काढायचे असतील तर आधी सगळ्यांची परवानगी घ्या.

हे सगळं कायदेशीर आहे ना?

स्वतःचा मजकूर एन्क्रिप्ट करणं आणि की बाळगणं यावर आपल्याकडे बंदी नाही. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा काढला होता. त्यात लोकांनी मूळ मजकूर ९० दिवस जपून ठेवावा अशी अट होती. जोरदार विरोध झाल्यावर तो मागे घेतला गेला. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ मात्र लागू आहे. त्याखाली रीतसर आदेश निघाला तर मजकूर उघडण्यास मदत करावी लागते आणि नकार दिल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आलेल्यांना हे स्पष्ट सांगा.

मुदत संपली किंवा की हरवली तर सह्या वाया जातात का?

मुदत वाढवली तर जात नाहीत. की तीच राहते, फिंगरप्रिंट तोच राहतो, फक्त वाढवलेली पब्लिक की सगळ्यांना पुन्हा पाठवा. कॅलेंडरमध्ये मुदतीच्या महिनाभर आधीची आठवण लावून ठेवा.

नवी की घेतली तर सह्या पुन्हा मिळवाव्या लागतात. जुनी की हाताशी असेल तर नव्या कीवर जुन्या कीने सही करा आणि 'मी की बदलते आहे' असा मजकूर दोन्ही कीने सही करून मंडळींना पाठवा. त्यावर बरेच जण न भेटता सही करतील, काही जण भेटूनच करू म्हणतील, आणि त्यांचंही बरोबर आहे. जुनी की हरवलीच असेल तर कपाटातलं रिव्होकेशन सर्टिफिकेट काढून आधी ती रद्द करा, आणि नव्या चिठ्ठ्या छापून पुढच्या मेळाव्याला या.